चौदाव्या दिवशी दारात कोण येतं?

सस्नेह नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलंय. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आम्ही महिला मंडळाच्या बायका यंदाही तुमच्या दारात येणारच आहोत. पण यंदा पैसे मांडवासाठी मागत नाही, म्हणून आधीच लिहितो आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शुक्रवार पेठेतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. तेराव्यापर्यंत त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी भाकरी-पिठलं आणून देतंय, कुणी दुधाची पिशवी ठेवून जातंय. चौदाव्या दिवशी मंडळातल्या एक काकू सहज डोकावल्या, तर वहिनी एकट्याच उंबऱ्याशी बसून चपलांच्या वेण्या वळत होत्या. चामड्याच्या बारीक पट्ट्या, ओलसर, बोटांना चिकटणाऱ्या. पावसात चामडं वाळत नाही, कोल्हापुरीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळं घरी मिळणारं कामही जेमतेम. काकूंनी चहा मागितला तेव्हा कळलं, सिलेंडर संपून चार दिवस झालेत.

"अगं, सांगायचं नाहीस का?"

"कुणाला सांगू काकू? मी बघतो की."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी करतो, मी जातो, मी बघतो. बाहेरगावची माणसं ऐकून हसतात. काकूंना त्या दिवशी ते 'मी बघतो' ऐकून घशाशी आलं.

बाई सोसते, म्हणून आपण तिचं कौतुक करतो. 8 मार्चला शाल-नारळ देतो, भाषणात रणरागिणी म्हणतो, ताराराणींचं नाव घेतो. आम्हीही हे सगळं केलंय, खोटं का बोला! पण ताराराणींचंच घ्या. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या ऐन पंचविशीत होत्या. पुढं औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं त्या लढल्या. त्या कर्तबगार होत्याच, पण पाठीशी धनाजी जाधवांसारखा सेनापती होता, गड होते, सैन्य होतं. आमच्या वहिनींपाशी किराणा दुकानातली उधारीची वही होती.

शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, 1919 साली बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला आणि पुढं सरकारनंही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या जिल्ह्याचं नाव झालं, अभिमान वाटतो. पण हातात बांगड्या राहिल्या तरी डब्यात पीठ कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. ठरावानं तो सुटत नाही. तो शेजाऱ्यांनी सोडवायचा असतो.

म्हणून मंडळानं ठरवलंय की चौदाव्या दिवसापासून तीन महिने अशा घराचा किराणा आणि गॅस आपण भरायचा. पोरांची वह्या-पुस्तकं, रिक्षाचे पैसेही त्यातच. माणूस दवाखान्यात असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, डबा पोचवायचा आणि रात्री पेशंटजवळ आळीपाळीनं बसायचं, म्हणजे त्या घरच्या बाईला एक रात्र तरी आडवं होता येईल. पुराचं पाणी आलं तरी हेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट झालं की आमच्याकडं सामान माळ्यावर चढायला लागतं आणि 43 फुटांना माणसं बाहेर पडतात. 2019 च्या पुरात वर्षाची चटणी भरलेल्या बरण्या सोडून निघालेल्या बाया आम्ही पाहिल्यात. उन्हाळाभर मिरच्या निवडून, डंकावर रांग लावून केलेली चटणी. पंचनाम्यात तिची नोंद कुठल्या रकान्यात होणार?

मनाचंही आहे. रात्र-रात्र झोप लागत नाही, पोरांवर उगाच हात उगारला जातो, असं बायका हळूच सांगतात. त्यांना 14416 हा सरकारी 'टेलिमानस'चा मोफत नंबर द्यायचा, आणि पहिला फोन लावताना कुणीतरी शेजारी बसायचं. घरात मारहाण होत असेल तर 181.

आता तुमच्याकडं काय मागायचं? 51 रुपये द्या, पाचशे द्या, जमेल ते. अंबाबाईची ओटी भरताना दोन साड्या घेणार असाल तर एकीचे पैसे इकडं द्या, आई रागावणार नाही. चालू स्थितीतलं शिलाई मशीन, सायकल, सिलेंडर चालेल. जुने फाटके कपडे मात्र कृपा करून नकोत, मागच्या पुरात त्यांचा ढीग उचलायला आम्हालाच ट्रॉली लावावी लागली. पैसे नसतील तर आठवड्यातले दोन तास द्या. पुरुषांनीही यावं. दवाखान्याच्या पायऱ्या चढायला तुमचे गुडघे आमच्यापेक्षा बरे आहेत.

मदत कुणाला दिली, त्याचं नाव फलकावर लागणार नाही आणि पिशवी देताना फोटो काढला जाणार नाही. पिठाच्या एका पिशवीला पाच हात आणि मागं फ्लेक्स, असले फोटो पुष्कळ झाले. हिशेब मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या खोलीत उघडा असेल, कुणीही येऊन वही चाळावी.

पैसे देताना पावती मागून घ्या. खोली रोज संध्याकाळी पाच ते सात उघडी असते. आणि तुमच्या गल्लीत अशी कुणी 'मी बघतो' म्हणणारी असेल, तर तिचं घर तेवढं आम्हाला दाखवा. सांगितलं कुणी, हे तिला कळणार नाही.

आपल्या,
महिला मंडळाच्या सर्वजणी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर