माश्यांसाठी घोड्यांना लसूण चारू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शेतीच्या पानावर घरगुती उपायांची एक चौकट आली होती. त्यात शेवटी घोड्यांसाठी टीप होती की रोज मूठभर लसूण ठेचून चंदीत (घोड्याच्या खुराकात) मिसळून द्या, घामाला उग्र वास सुटतो आणि माशी अंगावर बसत नाही, आणि पुढे लिहिलं होतं की नैसर्गिक उपाय आहे, कुठलाही अपाय नाही. त्या चौकटीचा फोटो आमच्या भागातल्या घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच फिरायला लागला. पावसाळा सरत आला की इकडे तापीकाठी माशीचा त्रास असा वाढतो की माणूस काहीही करून बघायला तयार होतो, त्यात पेपरात छापून आलंय म्हटल्यावर कोण विचार करतो. म्हणून हे पत्र. कृपा करून ती टीप मागे घ्या आणि का मागे घेतली तेही छापा.

आधी अपायाचं सांगतो. लसूण आणि कांदा एकाच कुळातले, दोघांतही गंधकाचे घटक असतात, तेच ते डोळ्यात पाणी आणणारे आणि हाताला वास राहणारे. माणसाला ते पचतात, पण घोड्याच्या पोटातून ते रक्तात गेले आणि जास्त प्रमाणात गेले की तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात, ते थिजून पेशीच्या आत बारीक गाठी होतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशी गाठ झालेली पेशी शरीर खराब म्हणून काढून टाकतं किंवा ती आपोआप फुटते. म्हणजे घोडा दिसायला धडधाकट, खातोय पितोय, आणि आतून रक्त कमी होत चाललंय. कुत्र्याला कांदा लसूण घालू नये हे आता शहरात बऱ्याच जणांना माहीत झालंय, घोड्याचं मात्र कुणी सांगत नाही.

हे माझं मत नाही. कॅनडात गेल्फ विद्यापीठात यावर काम झालं आणि ते २००५ साली पशुवैद्यकाच्या संशोधन पत्रिकेत छापून आलं. चार घोडे घेतले, दोघांना वाळवलेला लसूण दिला, दोघांना नाही दिला, लसणाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं, असं ७१ दिवस चाललं. दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर दोन्ही लसूणवाल्या घोड्यांच्या रक्तात त्या गाठी दिसायला लागल्या, तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन खाली आलं. लसूण बंद केल्यावर पाच आठवड्यांत अ‍ॅनिमिया बराचसा भरून निघाला पण पेशींमधल्या गाठी तेव्हाही नॉर्मलपेक्षा जास्तच होत्या. अभ्यास छोटा आहे, दोनच घोड्यांवरचा, हे मान्य. पण त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती ही की घोडे हा लसूण स्वतःहून खात होते, कुणी जबरदस्तीने तोंडात कोंबत नव्हतं. आपल्याकडे कायम म्हणतात ना की जनावराला कळतं काय खायचं आणि काय नाही, लसणाच्या बाबतीत ते खरं नाही. आणि किती लसूण सुरक्षित ते ठरवायला अजून अभ्यास हवा असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय, मग आपण कशाच्या जोरावर रोजचं मूठभर छापतो?

आता कुणी म्हणेल मूठभर म्हणजे कितीसा. हिशोब करून बघा. आपल्याकडची लहान चणीची घोडी तीनशे किलोची धरली तर तो ०.४ ग्रॅमचा आकडा १२० ग्रॅम वाळलेल्या लसणाचा होतो, ओल्या लसणात निम्म्याच्या वर पाणीच असतं त्यामुळे ओला धरला तर पाव किलोच्या पुढे जातो. म्हणजे मूठभर ओल्या लसणाने आठ दिवसात घोडी आडवी होईल असं मी म्हणत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते घोडेवाल्यांना विचारा. चार दिवस देऊन माशी कमी होत नाही, मग माणूस म्हणतो लसूण कमी पडतोय, मूठ वाढवतो, मग कुणीतरी सांगतं सोलत बसण्यापेक्षा लसूण पावडर आणा, ती वाळलेली असते म्हणजे तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त लसूण गेला, आणि हे चार दिवस नाही तर अख्खा सीझन चालतं. शिंगरू असेल, म्हातारा घोडा असेल, आधीच अशक्त जनावर असेल तर त्याचं वेगळंच. घोड्याला देतात त्या मसाल्यात ओवा, हळद, सुंठ, गूळ यांच्याबरोबर कधीतरी दोन पाकळ्या जातात त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो मसाला आपल्या बापजाद्यांपासून चालत आलाय आणि तो रोज देतही नाहीत. औषध म्हणून रोज चारणं ही वेगळी गोष्ट आहे.

बरं, एवढं करून माशी जाते का? तर तसा पुरावा नाही. माणसांवर अमेरिकेत एक ट्रायल झाली होती, तीही २००५ सालीच छापून आली, त्यात लोकांना लसूण दिला आणि दुसऱ्या वेळी लसणासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी दिलं, कुणाला काय दिलंय ते देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, मग डास सोडले. डास चावण्यात काही फरक पडला नाही. आणि विचार केला तर ते पटतंही, कारण रक्त पिणारी माशी जनावर शोधते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उष्णतेवरून आणि गोमाशी तर बरंचसं डोळ्याने बघून. गडद, चकाकणारं, हलणारं काही दिसलं की ती तिकडे वळते. घोड्याच्या घामाला लसणाचा वास आला म्हणून त्याचा श्वास थांबतो का अंग थंड होतं?

या डोळ्याने बघण्यावरून एक गोष्ट सांगतो, आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला येणाऱ्या लोकांना आवडेल. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की पांढऱ्या घोड्याकडे गोमाश्या काळ्या किंवा तांबड्या घोड्यापेक्षा कमी येतात, कारण पांढऱ्या अंगावरून परत येणारा प्रकाश वेगळा असतो. म्हणजे नुकऱ्याला, पांढऱ्याशुभ्र घोड्याला, भाव आहे तो रूपामुळे, पण हा फायदा त्याला जन्मतःच मिळालाय. आणि इंग्लंडमध्ये २०१९ साली घोड्यांना झेब्र्यासारखे काळे पांढरे पट्टे असलेली झूल घालून बघितली तर गोमाश्या जवळपर्यंत यायच्या पण त्यांना अंगावर नीट उतरताच यायचं नाही. असली झूल आपल्याकडचा कुठलाही शिंपी शिवून देईल, पातळ सुती कापडाची शिवा म्हणजे उकडणार नाही. हा खरा नैसर्गिक उपाय, असं काहीतरी छापा ना चौकटीत.

आणि मला जी खरी काळजी वाटते ती पुढे आहे. आपल्याकडे घोड्याला माशीचा नुसता त्रास होत नाही, माशीतून सर्रा नावाचा रक्तातल्या जंतूचा रोग होतो. १८८० साली डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याचा जंतू पहिल्यांदा सापडला, आणि आज इतक्या वर्षांनंतरही हा रोग आपल्या देशात आहेच. गोमाशी किंवा गोठ्यातली ती चावरी माशी एका जनावराचं रक्त पिताना हुसकली गेली की तोंडाला रक्त लागलेलं असतानाच दुसऱ्यावर बसते आणि जंतू तिकडे जातो. गाई म्हशींच्या अंगात हा जंतू बरेचदा काही लक्षण न दाखवता राहतो, घोड्याला मात्र तो खंगवून टाकतो. ताप येतो जातो, खाणं असूनही घोडा सुकतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, रक्त कमी होतं, मागचे पाय लडखडतात. वेळेत कळलं तर इंजेक्शन आहे, उशीर झाला तर घोडा हातचा जातो. गोचिडांमधून येणारा बबेसिया नावाचा जंतू पण रक्तच खातो. आता बघा, ज्या घोड्याला माशीपासून वाचवायचं म्हणून आपण लसूण चारतोय त्याचं रक्त लसणाने आधीच कमी झालेलं, त्यात सर्रा झाला तर तो किती तग धरणार? आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर तपकिरी झाली तर डॉक्टरला आधी कळणार तरी कसं की हे लसणामुळे आहे का जंतूमुळे, मालक तर लसणाचं सांगतच नाही कारण त्याच्या हिशोबी ते औषध नाही, चंदीतलं खाणं आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लसूण चालू आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि बाकीचं काहीच करत नाही.

बाकीचं म्हणजे काय तर पहिली लीद. एक घोडा दिवसाला पंधरा वीस किलो लीद सहज टाकतो आणि माशीची पैदास तिथेच होते, लीद आणि मुताने भिजलेला कडबा जिथे पडून असतो ती जागा तर त्या चावऱ्या माशीला फारच आवडते. उन्हाळ्याच्या दिवसात घरमाशीचं अंड्यापासून उडणारी माशी होईपर्यंत आठ दहा दिवसच लागतात, त्यामुळे आठवड्याने लीद काढून उपयोग नाही, रोज काढायची, तबेल्यापासून लांब ढीग करायचा आणि जाड प्लॅस्टिकने घट्ट झाकायचा, आत एवढी उष्णता होते की अळ्या मरतात आणि वर खत मिळतं. ढीग घालायला जागा नसेल तर पातळ पसरून उन्हात वाळवायची, वाळलेल्या लिदीत अळी जगत नाही. शेजाऱ्याच्या गोठ्याचंही बघावं लागतं, माशीला बांध माहीत नाही. पाण्याच्या हौदाभोवती चिखल होऊ द्यायचा नाही, तोबरा धुवायचा, सांडलेली चंदी उचलायची.

चिलटांचं वेगळं आहे, ती पहाटे आणि दिवस मावळताना येतात आणि काही घोड्यांना त्यांच्या चावण्याची एवढी खाज सुटते की आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून रक्त काढतात. चिलट फार कमजोर उडणारं असतं, तबेल्यात एक साधा मोठा पंखा लावला तरी त्याला टिकता येत नाही. त्या दोन वेळी घोडा नदीकाठी किंवा डबक्याजवळ बांधायचा नाही. गोमाशी उलटी, भर उन्हात येते, तेव्हा सावलीत आत बांधायचा. डोळ्यांवर जाळी किंवा झालर बांधायची. जखम असेल तर उघडी ठेवायची नाही कारण माशी त्यावर जंताच्या अळ्या सोडते आणि मग ती जखम महिनोन्महिने भरत नाही, पावसाळ्यात आपल्याकडे हे किती बघायला मिळतं. आणि रोजचा खरारा, हात फिरवला की गोचीड लागतो, सूज लागते, घोडा सुकत चाललाय ते डोळ्याआधी हाताला कळतं.

औषध मारायचंच असेल तर घोड्यासाठीचं आणि डॉक्टरांना विचारूनच. इथे एक गोष्ट ठळक छापा अशी विनंती आहे. गाई म्हशींच्या गोचिडांसाठी अमिट्राझ नावाचं औषध मेडिकलमध्ये सर्रास मिळतं, पाण्यात मिसळून अंगाला लावतात. ते घोड्याला लावायचं नाही. त्याने घोड्याचं आतडं मंदावतं, चारा आत अडकून बसतो, पोटदुखी सुरू होते आणि त्यात घोडा जाऊ शकतो. गोठ्यात बाटली आहेच म्हणून गाईबरोबर घोडीलाही पुसून घेतलं असं करणारे लोक आहेत आणि ते मुद्दाम करत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बाटलीवरचं बारीक इंग्रजी कोण वाचणार. तुमचा पेपर मात्र ते वाचतात.

ज्यांनी आधीच लसूण चालू केलाय त्यांनी आज बंद करावा, घाबरायचं कारण नाही, बंद केल्यावर रक्त हळूहळू भरून येतं. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू बघा, गुलाबी असेल तर ठीक, फिकट किंवा पिवळट वाटली तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरला लसूण किती दिवस आणि किती दिला ते न लपवता सांगा, त्यांच्यासाठी ती फार महत्त्वाची माहिती आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा. आता लग्नसराईत नवरदेवाच्या घोड्या रात्र रात्र बँडपुढे नाचतील, डिसेंबरात यात्रेत हजारो घोडी एका मैदानात शेजारी शेजारी बांधली जातील, त्याआधी निदान घोडेवाल्यांनी आपापल्या जनावराचं रक्त एकदा सर्रासाठी बघून घ्यावं. यात्रेच्या आधी पशुसंवर्धन खात्याने या तपासणीचं एखादं शिबिर इथेच घेतलं तर आम्ही सगळे घोडी घेऊन येऊ, तशी बातमी आपण जरूर द्यावी.

ती चौकट ज्या पानावर आली होती त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती यावी, वाचकांच्या पत्रांच्या कोपऱ्यात नको, कारण फोटो काढून ग्रुपवर टाकणारे लोक शेतीचं पान बघतात.

आपला,
एक वाचक आणि घोडेमालक
सारंगखेडा परिसर, ता. शहादा, जि. नंदुरबार