वजनासोबत उंचीही नीट मोजा

महोदय,
बालकांची खुंटलेली वाढ, म्हणजे वयाच्या मानाने कमी राहिलेली उंची, रोखण्यासाठी सरकार स्थानिक पोषण केंद्रांवर भर देते, हे योग्यच. पण तिथे वजनाकडे जेवढे लक्ष असते, तेवढे उंचीकडे नसते. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर झोपवून मोजायचे असते: एकीने डोके धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे. बाळ रडते, पाय आखडून घेते. एकट्या सेविकेच्या हातून दीड-दोन सेंटिमीटर सहज चुकतात. शिवाय खुंटलेले मूल अंगाने भरलेलेही असू शकते, आईला शंकासुद्धा येत नाही! गर्भधारणेपासूनचे पहिले १००० दिवस हातचे गेले, की ही तूट भरून काढणे फार अवघड. म्हणून आहाराची पाकिटे वाढवण्याआधी प्रत्येक केंद्राला दुसरी प्रशिक्षित सेविका द्यावी, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक