घानातील सत्तांतराचे श्रेय गुलाबी कागदालाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घानाच्या डिसेंबर 2024 मधील अध्यक्षीय आणि संसदीय निवडणुकीविषयी मराठीत जे थोडेफार छापून आले, त्यात सत्ताधारी न्यू पॅट्रिऑटिक पार्टीचे पराभूत उमेदवार महामुदु बावुमिया यांच्या दिलदारपणाचे कौतुक अधिक होते. ते यथोचितच आहे. 7 डिसेंबरला मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, निवडणूक आयोगाने अधिकृत निकाल जाहीर करण्याच्या आधीच, बावुमिया यांनी विरोधी नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसचे विजयी उमेदवार जॉन द्रामानी महामा यांचे अभिनंदन केले. शेजारच्या बुर्किना फासोत 2022 या एकाच वर्षात दोनदा लष्करी उठाव झाले, माली आणि नायजर येथेही सत्ता सैनिकांच्या हाती गेली. अशा प्रदेशात विद्यमान उपाध्यक्षाने इतक्या तातडीने पराभव मान्य करावा, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र हे सारे एका व्यक्तीच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करणे मला अपुरे वाटते.

घानात मतमोजणी मतदान केंद्रावरच, जमलेल्या लोकांसमक्ष होते. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात, एक अध्यक्षपदासाठी आणि दुसरी संसद सदस्यासाठी, आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत पडतात. मोजणी संपली की केंद्राध्यक्ष निकालाचा तक्ता भरतो, त्यावर पक्षांचे प्रतिनिधी सह्या करतात आणि प्रत्येकाला त्याची प्रत दिली जाते. या प्रतीला तिथे सर्रास ‘पिंक शीट’, म्हणजे गुलाबी कागद, म्हणतात. देशभरात 40 हजारांहून अधिक मतदान केंद्रे आहेत आणि दोन्ही मोठे पक्ष या प्रती गोळा करून आपापली बेरीज करतात. नागरी संघटनांचे निरीक्षकही निवडक केंद्रांच्या आकड्यांवरून स्वतंत्र अंदाज बांधतात. त्यामुळे आयोगाच्या घोषणेची वाट न पाहता बावुमिया यांना आपण हरलो हे कळले होते, कारण तो हिशेब त्यांच्याच पक्षाच्या कार्यालयात मांडला गेला होता. ज्याच्या हाती स्वतःचा हिशेब असतो, त्याला अफवेच्या आधारे लढता येत नाही.

ही व्यवस्था एका दिवसात रुजलेली नाही. 2008 मध्ये दुसऱ्या फेरीतही नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसचे जॉन अटा मिल्स आणि न्यू पॅट्रिऑटिक पार्टीचे नाना अकुफो-अडो यांच्यातील अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी होते. अखेरीस ताइन या एकाच मतदारसंघात 2 जानेवारी 2009 रोजी झालेल्या मतदानानंतर निकाल मिल्स यांच्या बाजूने लागला. एवढ्या तेवढ्या फरकानेही सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. 2012 मधील महामा यांच्या विजयाला अकुफो-अडो यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा हजारो पिंक शीट पुरावा म्हणून न्यायालयात मांडल्या गेल्या आणि सुनावणी दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली. ऑगस्ट 2013 मध्ये याचिका फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी निर्णयाशी असहमत असूनही तो स्वीकारला. 2020 च्या निकालाविरुद्ध महामा न्यायालयात गेले आणि तेही हरले. 2024 मध्ये विजयी झालेला हाच नेता 2016 मध्ये सत्तेवर असताना पराभूत झालेला आहे, हेही लक्षात घ्यावे. हरणारा पुन्हा जिंकू शकतो, याचा अनुभव तिथल्या दोन्ही पक्षांनी घेतला आहे.

2024 च्या कौलाची कारणे उघड होती. डिसेंबर 2022 मध्ये घानाने आपल्या बहुतांश परकीय कर्जाची परतफेड थांबवली, त्याच महिन्यात महागाईचा दर 54 टक्क्यांवर गेला, आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 3 अब्ज डॉलरची मदत घ्यावी लागली. बेकायदा सोन्याच्या खाणकामाने, म्हणजे तिथे ज्याला गलामसे म्हणतात त्याने, प्रा आणि अंकोब्रा या नद्यांचे पाणी गढूळ केले. तरीही महामा यांची मते 2020 च्या तुलनेत थोडीच वाढली, तर सत्ताधारी न्यू पॅट्रिऑटिक पार्टीच्या उमेदवाराची मते सुमारे 18 लाखांनी घटली. मतदानाचे प्रमाणही 79 टक्क्यांवरून साठीच्या घरात आले. पक्षाचे असंख्य समर्थक विरोधकांकडे गेले नाहीत, ते घरीच बसले. या मौनाला लाट म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आता ज्या बाजूकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, त्या संसदीय निवडणुकीविषयी. घानाच्या राज्यघटनेनुसार अध्यक्ष थेट निवडला जातो, पण बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांमधूनच घ्यावे लागतात. म्हणून दुसरी मतपत्रिका पहिलीइतकीच वजनदार आहे. 2020 मध्ये 275 जागांच्या संसदेत दोन्ही पक्षांना प्रत्येकी 137 जागा मिळाल्या आणि एक अपक्ष निवडून आला. सभापतिपदाच्या निवडणुकीत सभागृहात धक्काबुक्की झाली, मतपत्रिका हिसकावल्या गेल्या आणि सैनिक आत शिरले. 2020 च्या नेमक्या याच संसदीय निवडणुकीत सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या भागांतील नागरिकांना संसद सदस्यासाठी मत देताच आले नाही. नव्या ओटी प्रांताच्या निर्मितीमुळे त्यांचा जुना मतदारसंघ सुटला होता आणि नवा तयार झाला नव्हता. मतदानाच्या ऐन तोंडावर आयोगाने त्यांना केवळ अध्यक्षपदासाठी मत देण्याची मुभा दिली. जिथे एकेका जागेवर बहुमत अडले होते, तिथे हा भाग चार वर्षे प्रतिनिधीविना राहिला. 2024 मध्ये ग्वान हा 276 वा मतदारसंघ अस्तित्वात आला, तेव्हा कुठे त्यांना आपला सदस्य मिळाला.

केंद्रावरची मोजणी भक्कम असली तरी केंद्रांचे आकडे एकत्र करण्याची जागा कच्ची आहे, हेही या वेळी दिसले. नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसने संसदेत 180 हून अधिक जागा जिंकल्या, तरी काही मतसंकलन केंद्रांवर जमावाने घुसून काम बंद पाडले आणि वाद न्यायालयात गेला. अक्रा शहरातील अब्लेकुमा नॉर्थची जागा तर जुलै 2025 पर्यंत रिकामी होती. 19 केंद्रांवर फेरमतदान घेतल्यावर तिचा निकाल लागला, आणि त्या फेरमतदानाच्या दिवशीही हिंसाचार झाला. अध्यक्षपदाचे अंतर मोठे होते म्हणून हे दोष झाकले गेले. 2008 सारखी चुरस असती, तर हीच संकलन केंद्रे साऱ्या वादाचे मूळ ठरली असती.

पुढची निवडणूक डिसेंबर 2028 मध्ये अपेक्षित आहे आणि दोन कार्यकाळांच्या मर्यादेमुळे महामा यांना ती लढवता येणार नाही. त्या वेळी आपल्या दैनिकाने दोन्ही पक्षांच्या प्रचारसभांइतकीच जागा या मतसंकलन केंद्रांना द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक