ते चौदा महिने वजा करून

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. न.

हे फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि माझा घसा भरून आला. म्हणून लिहिते आहे.

परदेशातल्या संशोधन-फेलोशिपच्या करारावर मी मंगळवारी सही केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे, २४ महिन्यांसाठी. दादा-वहिनीला आधी सांगितलं, कारण तुमच्याजवळ कोण असेल हे ठरल्याशिवाय मला पेन उचलायचं नव्हतं. पण तुम्हाला न विचारता सही केली हे खरं आहे, आणि ते मला लागून राहिलं आहे. विचारलं असतं तर तुम्ही दोघांनीही लगेच "जा" म्हटलं असतं, आणि मग आई रात्रभर छताकडे बघत पडली असती. तसं "जा" मला तुमच्याकडून घ्यायचं नव्हतं. फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा मी "बघू" म्हणाले होते ना, तेव्हाच मनात ठरलं होतं. एवढे महिने लपवल्याबद्दल रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आई, तू मागे विचारलं होतंस, "अजून शिकतेच आहेस का गं?" शिक्षण केव्हाच संपलं. ही नोकरी आहे. मेरी क्युरीच्या नावाची ही फेलोशिप युरोपियन युनियन देतं, आणि ज्या संस्थेत काम करायचं तिने संशोधकाला रीतसर नोकरीच्या करारावर घ्यायचं असा तिचा नियम आहे. म्हणजे दरमहा पगार, आजारपणाची रजा, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, सगळं आलं. इथे मी दर वर्षी नव्या कंत्राटाची वाट बघत बसते आणि मार्च उजाडला की माझी झोप उडते, हे तुला माहीत आहे. ही दोन वर्षं तरी मार्चची धास्ती नाही. नंतर परत आल्यावर स्वतःचा गट उभा करायचा तर असं स्वतंत्र काम नावावर असावंच लागतं. दुसऱ्याच्या प्रकल्पावर कितीही राबलं तरी निवड समितीत पहिला प्रश्न येतो, "यात तुमचं स्वतःचं काय?" या फेलोशिपमध्ये प्रश्न माझा, आराखडा माझा, आणि पैसे त्या आराखड्याला मिळाले आहेत.

आणि ती सहज मिळालेली नाही. २०२४ च्या फेरीत १०,३६० अर्ज आले, त्यातून १,६९६ जणांची निवड झाली. दहा पानांत सगळं बसवायचं असतं. कल्पनेच्या दर्जाला ५० टक्के वजन, पुढे होणाऱ्या परिणामाला ३०, कामाच्या आखणीला २०. त्याआधीच्या वर्षी मला ८७ टक्के पडले होते आणि तरी पैसे मिळाले नव्हते. ८५ किंवा त्याहून जास्त मिळवलेल्या पण निधी न मिळालेल्या अर्जांना ते एक प्रमाणपत्र देतात. बाबा, ते तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवलंत. मी हरले होते आणि तुम्ही ते जपून ठेवलंत. दुसऱ्यांदा अर्ज भरायचं बळ मला त्या फाईलमुळे आलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले, ते.

बाबा, तुम्ही आत्याला म्हणालात, "माझ्या दुखण्यापायी पोरीचं सव्वा वर्ष वाया गेलं." मी दाराशी होते. ऐकलं, आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेले. या फेलोशिपचा नियम असा आहे, की पीएच.डी. मिळाल्यापासून संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको. माझी पदवी जानेवारी २०१६ ची, अर्जाची शेवटची तारीख ११ सप्टेंबर २०२४. सरळ मोजलं तर आठ वर्षं उलटून आठ महिने झाले होते, दार बंदच होतं. पण संशोधनाबाहेर घालवलेला काळ त्यात धरत नाहीत. तुमच्या ऑपरेशनपासून तुम्ही काठीशिवाय जिना चढलात तिथपर्यंतचे माझे चौदा महिने मी तारखांसकट लिहिले. ते वजा झाले आणि उरली साडेसात वर्षं. मी पात्र ठरले ती अशी. ते महिने मी प्रयोगशाळेत काढले असते तर आज हा अर्ज करताच आला नसता. म्हणून यापुढे "वाया" हा शब्द नको. मला तरी त्या महिन्यांतली एक गोष्ट आठवते: तुम्ही पहिल्यांदा स्वतः बटणं लावलीत, एक चुकलं, आणि आईने ते न सांगता तसंच राहू दिलं.

मी तिथे नक्की काय करणार ते तुम्हाला सगळ्यात चांगलं कळेल. लहानपणी कपबशा घेताना तुम्ही प्रत्येक कप कानाशी धरून नखाने टिचकी मारायचात. खणखणीत वाजला तर माझ्या हातात, बद्द वाजला तर बाजूला. मग एक माझ्या कानाशी धरून विचारायचात, "सांग, हा कसा?" माझं कामही तेच आहे. धातूत भेग वाढत असते तेव्हा तीही आवाज करते, पण आपल्याला तो ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि हे आवाज बहुतेक १०० किलोहर्ट्झच्याही पुढचे असतात. म्हणून धातूवर सेन्सर चिकटवून ते टिपायचे आणि त्यावरून भेग कुठे आहे, किती वेगाने पुढे सरकते आहे ते शोधायचं. पुलाच्या वेल्डिंगच्या जोडांवर असं ऐकणारी माणसं आणि यंत्रं त्या प्रयोगशाळेत आहेत. इथे राहून मला ते करता आलं असतं तर मी गेले नसते, हे मनापासून सांगते.

एक गोष्ट मात्र मला टोचली. या फेलोशिपमध्ये कुटुंबासाठी भत्ता आहे, पण त्यांच्या हिशेबी कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुलं. आई-वडील त्यात येत नाहीत. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. भत्त्याची गरज नाही, दादाचं आणि माझं खर्चाचं आधीच ठरलं आहे, तुम्ही त्यात पडायचं नाही. पण तुम्हाला तिथे जागा नाही हे बघून वाईट वाटलं. दिलासा एवढाच, की घरच्या कारणासाठी आधी मंजुरी घेऊन काम काही काळ थांबवता येतं. त्याची चौकशी मी सही करण्याआधी केली. तेव्हा "तिला कशाला उगीच कळवायचं" हे तुम्हा दोघांचं नेहमीचं चालणार नाही. ताप आला तरी कळवायचं.

बाबा, शास्त्रज्ञ रदरफर्डची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. आधी निवडलेल्याने लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाच्या निधीतली शिष्यवृत्ती नाकारली, म्हणून ती त्याला मिळाली, आणि १८९५ मध्ये तो न्यूझीलंडहून केंब्रिजला गेला. आईला तो आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला. १९३१ मध्ये लॉर्ड झाला तेव्हा तिला तार केली, की हा मान माझ्यापेक्षा तुझा जास्त आहे. तुम्ही हे सांगताना आईकडे बघायचात. त्याच्या वेळी जहाजाला आठवडे लागायचे. मी एका दिवसात घरी पोचू शकते, आणि माझ्या कराराला शेवटची तारीख आहे.

आता ऐका. न्हाणीघरातला धरायचा दांडा मी जाण्याआधी बसणार म्हणजे बसणार, "भिंत खराब होते" हे कारण चालणार नाही. आई, रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, काम आटोपल्यावर नाही. गोळ्यांचे डबे मी वारांप्रमाणे भरून ठेवीन, पुढे ते काम वहिनीचं, तिच्याशी वाद घालू नकोस. चष्म्याचा नंबर बदलून घे, तू सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला बोलावतेस हे मला कळलं आहे. बाबा, स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीही काढायचं नाही. रोज व्हिडिओ कॉल, त्यात दोघंही दिसायला हवीत. एकाने कॅमेऱ्यामागून "आम्ही बरे आहोत" म्हणायचं नाही.

मी थोडी कडक बोलले असेन. रात्री वीज गेली की मी तुमच्या दोघांच्या मधे येऊन झोपायचे आणि आईचा पदर मुठीत धरायचे. परवा वीज गेली तर हात आपोआप बाजूला गेला. एवढंच.

बाबांच्या तपासणीला ऑगस्टमध्ये मीच घेऊन जाणार आहे. शनिवारी सकाळी पोचेन. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि माझ्यासाठी जागत बसू नका, किल्ली माझ्याजवळ आहे.

तुमची
चिऊ