पुस्तक छापलं, प्रकाशित कुठे झालं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला यशस्वी लेखक कसं व्हावं याबद्दलचा लेख वाचला. रोज पहाटे उठून लिहा, टीका मनाला लावून घेऊ नका, स्वतःवर विश्वास ठेवा, हे सगळं ठीक. पण लिहून झाल्यावर ते बाड घेऊन जायचं कुठे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. वर त्याच पानाच्या तळाशी जाहिरातीची चौकट : ‘लेखकांना सुवर्णसंधी! तीस दिवसांत तुमचे पुस्तक.’ अशाच एका चौकटीला भुलून मी सहा वर्षांपूर्वी 62 हजार रुपये घालवले, म्हणून हा पत्रप्रपंच.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो तेव्हा हातात फंडाचे पैसे होते आणि कपाटात कादंबरी. करार अर्ध्या पानाचा. मी किती हप्त्यांत पैसे द्यायचे ते त्यात व्यवस्थित लिहिलं होतं. मानधन, मुदत, पुढची आवृत्ती यांचा पत्ता नव्हता. बाड कुणी वाचल्याची खूणही दिसली नाही. तेव्हा मला त्याचा आनंदच झाला! ‘एक शब्द बदलावा लागला नाही’ असं मी चारचौघांत सांगत होतो. 160 पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे दहा फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे), प्रती पाचशे. टेम्पो दारात आला आणि ‘महाराष्ट्रभर वितरण’ आमच्या दिवाणाखाली जाऊन थांबलं.

महिन्याभराने, माझी कादंबरी वाचत असलेल्या मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, आबा मळ्यात मोट हाकत होते. पान उलटलं तर एकदम तेराव्याच्या पंगती! म्हातारा गेला कधी?” प्रत उघडून बघतो, तर 48 नंतर थेट पान 65. चौथा फर्माच बांधणीत गळालेला. आबांचं दुखणं, वाटणीचं भांडण, मरण, सगळं त्या सोळा पानांत होतं. प्रकाशकाला कळवलं, तर “बाइंडिंगमध्ये एखाद-दुसरी प्रत अशी निघते, सर.” एखाद-दुसरी नव्हे, मोजल्या तेव्हा 37 निघाल्या, आणि वाटून झालेल्या वेगळ्याच.

पुण्याला अप्पा बळवंत चौकात पिशवी घेऊन फिरलो. एका दुकानदाराने पुस्तक उलटसुलट पाहिलं, चहा पाजला आणि म्हणाला, “गुरुजी, एका पुस्तकासाठी खातं कोण उघडणार?” त्याचंही खरं होतं. प्रकाशक लागतो तो याचसाठी. छापायला छापखाना पुरतो.

मग उलट्या टोकाने सुरुवात केली. मराठीत दिवाळी अंकांची वाट 1909 पासून आहे; काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून. पावसाळ्याच्या तोंडावर कथा पाठवायची आणि वाट पाहायची. माझ्या चार परत आल्या. पाचवीही परत आली, पण पेन्सिलच्या खुणांसकट. संपादकांनी नऊ वाक्यांखाली रेघ ओढून समासात लिहिलं होतं : ‘इथे म्हातारी बोलत नाही, मास्तर बोलतोय.’ दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी ती वाक्यं काढून कथा मोठ्याने वाचली, आणि पहिल्यांदाच ती म्हातारी मला ऐकू आली. कथा छापून आली, मानधन आलं पाचशे रुपये. बासष्ट हजारांत न मिळालेली गोष्ट ती पेन्सिल देऊन गेली होती.

नवख्यांना माहीत असाव्यात अशा दोन-चार गोष्टी आता इतक्या उशिरा मला कळल्या आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्याचा हक्क लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकार फुकट देतं. माझ्या बिलात त्याचे तीन हजार लावले होते! आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. ती मला एका ग्रंथपालबाईंनी सांगितली, तोवर माझं पहिलं पुस्तक होऊन गेलं होतं.

स्वखर्चाने पुस्तक काढू नये असं माझं म्हणणं नाही. गावाचा इतिहास, आईच्या ओव्या घरच्यांसाठी छापायच्या असतील तर खुशाल छापाव्यात, पण मग पन्नास प्रतीच काढाव्यात. एरवी पैसे देण्याआधी समोरच्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : माझं बाड वाचून दुरुस्त कोण करणार, आणि पुस्तक कोणत्या दुकानांत ठेवणार? उत्तर देताना माणूस मुखपृष्ठाच्या रंगाबद्दल बोलू लागला, की चप्पल पायात सरकवावी.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत एखादा नमुना करारनामा छापा, कलमांच्या अर्थासकट. आणि त्या चौकटी घेताना ‘लेखकाला किती पैसे भरावे लागतील’ हे जाहिरातीतच लिहायला लावा. जाहिरात बुडेल, हे कळतं मला.

दिवाणाखाली अजून 312 प्रती आहेत. पान 49 ते 64 च्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. लग्नात, मुंजीत, सत्कारात ज्यांना मी अर्धवट प्रत दिली त्यांनी फक्त निरोप धाडावा, ती सोळा पानं पोस्टाने पाठवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
विटा, जि. सांगली