पगार कोण देणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीतला पर्यावरण संवादावरचा लेख वाचला. पदवी कुठली घ्यावी, कॅमेरा कसा धरावा, कंपन्यांच्या सामाजिक निधीत जागा कुठे निघतात, सगळे आले. गावाकडून काही शिकायचे असते, एवढे मात्र राहिले.

आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत सहा-सात हजार मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीचा, असे जुनी माणसे सांगतात. पाळ म्हणजे बांध कुठे घालायचा, वरच्या तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कसे उतरवायचे, टंचाईत आधी कोणाचे धान भिजवायचे, हे गावच ठरवी. मालगुजारी 1951 साली गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकायला कोणी उरले नाही.

आता गाळ काढतात. चांगलेच आहे. पण आमच्या गावी काढला तेव्हा रंगीत माहितीपत्रकात एकच गोष्ट होती: खोली वाढवा. यंत्राने काठापासूनच सरळ खड्डा केला. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया म्हणत होत्या, काठाचा उथळ उतार ठेवा. तिथेच पाण्यातली झाडे रुजतात, तिथेच मरळ मासळी अंडी घालते. याच बायांनी आदल्या उन्हाळ्यात तलावात माजलेली बेशरमची झुडपे हातांनी उपटली होती. माहितीपत्रक लिहिणारा हुशार होता, भाषाही गोड. पण पाळीवर तो एकदाच आला, तोही उद्घाटनाला. दुसऱ्या पावसाळ्यात जाळ्यात मरळ जवळजवळ दिसलीच नाही.

त्या बायांचे म्हणणे अंदाजपत्रक तयार होण्याआधी अभियंत्याच्या टेबलावर, त्याला कळेल अशा आकड्यांत आणि नकाशात मांडणारा माणूस हवा होता. मला विचाराल तर पर्यावरण संवादातली खरी नोकरी हीच. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागात असे एक पद असावे. ते भरताना ज्याने निदान एक पावसाळा मच्छीमार संस्थेत काढला आहे त्यालाच घ्यावे. (इंग्रजी कच्चे असले तरी चालेल.)

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात पत्रकारिता शिकून परतला आहे. हे सगळे ऐकून तो म्हणाला, "सर, पटतंय. पण पगार कोण देणार?" मी गप्प बसलो. आपल्या लेखकाने पुढच्या पुरवणीत उत्तर दिले, तर कात्रण मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
साकोली, जि. भंडारा