मोगऱ्याचा डबा अकरापर्यंत पोचेल

पुणे
चैत्र वद्य द्वादशी

ती. आई आणि नाना यांस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं नाना म्हणतीलच. फोनवर माझं निम्मं बोलणं नानांच्या 'हां हां, बरं, ठेव आता, बिल चढतं' यातच जातं. बिल चढत नाही नाना, किती वर्षं सांगतेय! म्हणून लिहायला बसले. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचावं, नानांनी मध्ये न बोलता ऐकावं.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माझं येणं होत नाही. लेकीची परीक्षा त्याच आठवड्यात आली आहे, आणि तिला इथे एकटीला सोडून मी तिकडे सांजोऱ्या खात बसले तर ती जन्मभर ऐकवील. लग्नानंतर चुकलेली ही दुसरीच आखाजी. पहिली बाळंतपणात चुकली होती. निंबाला झोका मात्र बांधा. मी नसले तरी गल्लीतल्या पोरी आहेत.

माझ्याऐवजी फुलं येतील. लगेच कपाळाला हात लावू नका, माघातल्यासारखं होणार नाही.

माघातलं आठवलं की मला अजून हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते. तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी इथून मोबाइलवर चाळीस कार्नेशन मागवले. पांढरे, कारण फोटोत पांढरेच छान दिसत होते. आपल्या गावाचा पिनकोड टाकला की 'सेवा उपलब्ध नाही' असं यायचं. शेवटी भुसावळपर्यंत पार्सल आणि पुढे एक मुलगा मोटारसायकलवर, असं जुळवलं. तो मुलगा पारावर येऊन आपलं घर विचारत होता तोवर अर्धी गल्ली त्याच्यामागे चालत आली. आपल्याकडे फुलांचा एवढा मोठा ढीग दोनच वेळा येतो, नवरदेवाच्या गाडीवर आणि तिरडीवर. लग्न कुणाचं नव्हतं. तेव्हा समोरच्या काकू पदर डोळ्याला लावून आल्या, "कोन गेलं वं माय?" आणि ओट्यावर सुपारी कातरत बसलेले नाना म्हणाले, "मी आहे अजून." हे आईने मला सांगितलं तेव्हा मी इथे ऑफिसच्या जिन्यात एकटी हसत उभी होते.

फुलं मात्र खरंच मेलेली होती. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पाकळ्या आत वळलेल्या, कडा जळक्या कागदासारख्या. मी त्या फूलवाल्यांशी तासभर भांडले. ते उन्हावर ढकलत होते. पण माघात कसलं आलंय ऊन? कारण शोधलं ते नानांनीच. त्या मुलाला पाणी पाजून, शेजारी बसवून विचारलं की रात्री खोकं कुठे ठेवलं होतं. तो म्हणाला, भावाच्या केळीच्या वखारीत, तिथे एसी आहे, गार राहील म्हणून. नाना म्हणाले, "मग झालं."

मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर वाचलं. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, वखारीत घड लवकर पिकावेत म्हणून वरून तोच सोडतात, आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. पाकळ्या आत ओढून फूल मिटतं, ते पुन्हा उमलत नाही. नानांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एक पिकलेलं केळं पाटीत राहिलं की बाकीच्या फण्यांना ओढतं, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलंय. पूर्वी धुरी देऊन घड पिकवायचे तेही तेच, धुरातही तोच वायू असतो. केळीवाल्याच्या लेकीने केळीच्या वखारीत फुलं मारली! हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नाही, सांगितलं तरी कळत नाही.

आणि आईने काय केलं? वरचा चकचकीत प्लास्टिकचा कागद धुऊन पापडाच्या डब्यावर ताणून बसवला, आणि सॅटिनची लाल फीत तुळशीच्या कुंडीला बांधली. ती फीत शिमग्यापर्यंत तिथेच होती, मी पाहिली. फुलांचं काय केलं ते विचारलं तेव्हा म्हणालीस, "नानांनी लिंबाच्या आळ्यात टाकली. नदीत नाही टाकू दिली, आता तिथं पाणी थांबलेलं असतं." बरोबर केलं. हतनूर धरणाचा फुगवटा आपल्या जुन्या घाटाच्या पायऱ्यांवर चढल्यापासून जे टाकाल ते तिथेच तरंगत राहतं.

त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं ते पैशांचं नाही. मी फुलं तुम्हाला पाठवली नव्हती, फोटोसाठी पाठवली होती. ग्रुपवर टाकायला. तुमच्या घरात चाळीस दांड्या उभ्या करायला भांडं तरी आहे का, हा विचारही माझ्या मनात आला नाही.

तर आताची व्यवस्था ऐका. भुसावळला एक फूलवाल्या मावशी शोधल्या आहेत, बाजारात टोपली घेऊन बसतात. मी होळीला आले होते तेव्हा त्यांच्याशी बोलून ठेवलं. म्हटलं, वैशाखात तापीकाठी फुलं पाठवायची, काय टिकेल? त्या म्हणाल्या, गुलाब नको, झेंडू नको, बाई, मोगऱ्याचे दिवस आहेत, दुसरं काय मागतेस? आणि उमललेला नाही, कळी. पहाटे खुडलेली टपोरी पांढरी कळी दिवसभर मिटलेली राहते आणि त्याच संध्याकाळी उमलते. म्हणजे डबा तुमच्या हातात पडेल तेव्हा त्यात वास फारसा नसेल. नाना लगेच म्हणतील, पुन्हा फसवलं पोरीला. थांबा. दिवे लागले की बघा.

मावशी कळ्या केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरतील आणि सकाळच्या काळीपिवळीत देतील. तो ड्रायव्हर फाट्यावर उतरवून देईल, तिथून पिठाच्या गिरणीवाल्याचा पोरगा सायकलवर आणेल. अकरापर्यंत पोचेल. नाना, सोपट केळीचंच आहे, पण ते चालतं, ते ओल धरून ठेवतं. नडतं ते पिकतं फळ. म्हणून एक करा, डबा आंब्याच्या आढीच्या खोलीत ठेवू नका. आढीतही तोच वायू असतो. ओसरीत, माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्यावर ठेवा. पाण्यात बुडवू नका, कळ्या तांबूस पडतात.

पाव किलो आहे. दोघांना फार होईल, ते मुद्दामच.

पहिल्या चार कळ्या नानांच्या माठात. वाळ्याची जुडी जुनी झाली असेल तर काढून टाका, दोन्ही वास एकत्र चांगले लागत नाहीत. घागर भराल तेव्हा डांगर आणि सांजोरीबरोबर आजी-आजोबांसाठी थोड्या. एक ओंजळ गुरवाकडे, महादेवाला. दोन कळ्या नाना सकाळी घाटावर जातात तेव्हा तापीमायला, दोनच, त्याने पाणी काही खराब होत नाही.

नावाडी मामांच्या घरी नक्की द्या. मामी अंथरुणावर आहेत, खिडकीबाहेर उलटी पालथी घातलेली नाव आणि पाणी एवढंच दिसतं त्यांना. शाळेत असताना मामांनी मला कितीदा फुकट पलीकडे सोडलंय, त्याची फेड मोगऱ्याने होत नाही, तरी द्या.

समोरच्या काकूंचं मी पुष्कळ दिवस मनात धरून आहे. काका गेल्यापासून त्यांनी केसात फूल घातलेलं नाही, आणि आपण कुणी कधी दिलंही नाही. हळदीकुंकवाला त्यांच्या हातावर साखर ठेवतो आणि गजऱ्याची टोपली पुढे सरकवतो. मीही सरकवलीय. लहान होते म्हणायला जागा नाही, मागच्या नवरात्रात मी सेहेचाळीस वर्षांची होते. आई, त्यांना माळायचा आग्रह करू नकोस, त्यांना अवघडायला होईल. पितळेच्या वाटीत थोडं पाणी घालून त्यावर कळ्या सोड आणि रात्री त्यांच्या उशाशी नेऊन ठेव. काही बोलू नकोस. त्या विचारतील, कोण गेलं? सांग, कुणी नाही, धाकटीने पाठवलाय.

उरलेल्याचा गजरा आईने करायचा आणि आईनेच माळायचा. 'या वयात काय' हे मी ऐकणार नाही. नानांना विचार, ते नको म्हणतात का.

तुमच्या गल्लीत आता सात घरांना कुलूप आहे, आई म्हणाली. संध्याकाळी पंप बंद झाले की टिटवीशिवाय आवाज नाही. मला ते शांत पाणी आठवलं की इथे सिग्नलला उभी असताना बरंही वाटतं आणि धास्तीही वाटते. रात्री कुणाला काही झालं तर फाट्यापर्यंत कोण धावणार? भाऊ आणि मी याच्यावर बोललो आहोत, पत्रात त्याची चर्चा नको, आल्यावर बसू. तुम्ही पुण्याला येणार नाही हे आम्हाला माहीत आहे. मी आता ते विचारणं सोडलं आहे, भाऊ अजून विचारतो.

आखाजीचा डबा नीट पोचला तर पुढचा आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीमायच्या जन्माला पाठवीन. तेव्हा पाऊस धड झाला तर हतनूरचे ४१ दरवाजे उघडलेले असतील आणि फाट्याचा रस्ता चिखलाचा. बघू. परीक्षा संपली की त्याआधी मी स्वतःच येऊन जाईन, आठ दिवस.

डबा परत हवा आहे, मावशींचा आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच काळीपिवळीत द्यायचा, आईने त्यात मेथीचे लाडू भरायला ठेवून घ्यायचा नाही. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, तर मावशींसाठी ज्वारीच्या बिबड्या घाला, तीळ लावलेल्या. माझ्या वेगळ्या ठेवा. मागच्या वेळी भाऊ सगळ्या घेऊन गेला.

तुमची
धाकटी